वरून भांडणारं माणूस

माझ्या आईवडिलांचं जे काही लांबलचक बोलणं झालं, ते विहिरीच्या तोंडातून झालं. एरवी घरात दोघं कामापुरतं बोलत. ‘पाणी’, ‘ताट’, ‘बैल आले’, एवढंच. पण चैत्र लागला, विहिरींचं पाणी तळाला गेलं, की बाबांना गाळ काढायला आजूबाजूच्या गावांतून बोलावणी येत. मग आई त्यांच्यासोबत जायची आणि विहिरीच्या काठावर बसून दिवसभर त्यांच्याशी भांडायची. ते तिचं कामच होतं.

आमचं गाव पवनीपासून एसटीने अर्ध्या तासावर. धानाच्या चार बांध्या होत्या, बांध घातलेली लहान शेतं. धान निघालं की उन्हाळ्यात बाबांच्या हाताला काम नसे, म्हणून ते विहिरीत उतरू लागले. कोणी शिकवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्यांची पद्धत ठरलेली होती आणि त्यात ते कोणाचं ऐकत नसत. सकाळी विहिरीवर गेलं की आधी पळसाच्या पानांच्या डहाळ्यांचा मोठा भारा दोराला बांधायचा. तो विहिरीत सोडायचा आणि वर-खाली, वर-खाली ओढत राहायचं, खालची हवा ढवळली जावी म्हणून. मग बादल्या भरभरून पाणी वरून आपटायचं. मग पेटवलेला कंदील सोडायचा. ज्योत मंद झाली तर बाबा दोर गुंडाळून चहा मागत आणि त्या दिवशी उतरत नसत. विहिरीचा मालक कितीही कुरकुरला तरी.

ज्योत नीट राहिली तर दोर काखेखालून छातीला बांधायचा. कमरेला कधीच नाही. कमरेला बांधलेला माणूस बेशुद्ध पडला तर मधोमध वाकतो, डोकं खाली लोंबतं आणि वर येताना दगडांवर आपटतं. दोर कप्पीवरून यायचा, दोन माणसं तो धरायची आणि दोराचं टोक जवळच्या झाडाला बांधलेलं असायचं. धरणाऱ्याच्या हातावर बाबांचा पूर्ण विश्वास नव्हता. झाडावर होता.

एवढं सगळं झालं की ते खाली जात, फावडं मारल्याचा आवाज येऊ लागे आणि आई सुरू करी.

“का जी, तुमच्या बहिणीनं माझी पितळेची परात नेली होती, ते आणली का?”

खालून घुमत उत्तर येई, “तिनं नेलीच नाई! तूच तेरवीत कोणाले देऊन आली!”

“मी? मी कायले देऊ? माझ्या माहेरची परात हाय ते!”

“तुझ्या माहेरची हाय म्हणूनच त्याले भोक हाय!”

“भोक तुमच्या डोक्याले हाय! लग्नात पाच जण जेवले त्या परातीत!”

“पाच नाई, तीन! चौथा आला तेव्हा भात संपला होता!”

दोर धरणारे खो खो हसत. गावातल्या बाया घागरी घेऊन येत आणि घागरी तशाच ठेवून ऐकत बसत. मी तेव्हा पाचवीत होते आणि मला लाज वाटायची. वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांसमोर म्हटलं, “चला वो, हिच्या मायबापाचं भांडण पाहाले जाऊ.” त्या रात्री जेवताना मी बाबांना विचारलं की दुसऱ्या गावचा एक गाळ काढणारा खाली गाणी म्हणतो, तसं तुम्ही का करत नाही? गाणं ऐकून वरच्यांना कळेलच की तुम्ही ठीक आहात.

बाबा घास संपेपर्यंत थांबले. “गाणं तोंडपाठ असते, पोरी. डोकं बंद पडाले लागलं तरी तोंड चालू राह्यते. भांडणाले डोकं लागते.”

आईने भाकर वाढली आणि म्हणाली, “आन तुमचं डोकं एरवी कुठं असते?”

बाबांनी भाकर मोडली. घरात ते उत्तर देत नसत.

ही पद्धत किती पक्की होती ते मी एकदाच पाहिलं. वैशाखातली दुपार होती. लाखांदूरकडच्या एका गावातली जुनी, अरुंद विहीर. सकाळी कंदील व्यवस्थित जळला होता. तासभर गाळ वर येत होता, काळा, साबणासारखा गुळगुळीत. आईचं त्या दिवशी बाबांच्या घोरण्यावर चाललं होतं.

“रात्रभर म्हैस बांधल्यासारखं वाटते घरात.”

खालून उत्तर जरा उशिरा आलं. “म्हैस दूध देते.”

“तुमी काय देता?”

काही नाही.

“म्या म्हटलं, तुमी काय देता? तुमच्या मायनं तुमाले एक गोष्ट धड शिकवली नाई. ना पेरणं, ना बोलणं.”

आणि बाबा शांतपणे म्हणाले, “हो. तुझं बरोबर हाय.”

आई ताडकन उभी राहिली. “ओढा!”

दोर धरणारा बुचकळ्यात पडला. “अवो वैनी, आता त बोलले ना ते...”

“ओढा म्हणतो ना! हा माणूस मले बरोबर म्हणून राहिला!”

त्यांनी ओढलं. बाबा वर आले तेव्हा डोळे उघडे होते, पण ते कोणाकडेच पाहत नव्हते. त्यांना झाडाखाली एका कुशीवर निजवलं. ते ओकले. दोर धरणाऱ्यांपैकी एकाने धोतर वर खोचलं आणि खाली राहिलेलं फावडं नि टोपलं आणायला तो निघाला. आई विहिरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

“टोपलंच त आणतो वैनी, दोन मिनिटं.”

“तू पडला त तुले कोण ओढंन? दोर एकच हाय आन एक माणूस तिकडं पडला हाय.”

“फावडं नवीन हाय ना पण.”

“राहू दे. विहिरीले लागन ते.”

अर्ध्या तासाने बाबा उठून बसले, पाणी प्यायले आणि पहिलं वाक्य बोलले, “परात तुझ्या मायनंच नेली असंन.” आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं, जोरात, पातेलं पुसावं तसं.

बाबा पुढे बरीच वर्षं जगले. पंचाहत्तरी ओलांडून, थंडीत, घरच्या खाटेवर गेले. शेवटच्या दोन दिवसांत ते आईच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणू लागले. रजई बदलू का, हो. मुलीला बोलावू का, हो. तुमच्या बहिणीनंच परात नेली होती ना, हो. मी बसमधून उतरून अंगणात आले तर आई बाहेर उभी होती. म्हणाली, “तुह्या भावाले लवकर बलाव. ते हो म्हणून राहिले.”

हे सगळं मला माहीत होतं, तरी मी चूक केली. तीच सांगायची आहे.

लग्न होऊन मी तुमसरला आले आणि मुलं शाळेत जायला लागल्यावर एका राईस मिलमध्ये लागले. आधी वाळवणाच्या पटांगणावर, उकडलेलं धान दंताळ्याने पसरणाऱ्या बायांवर लक्ष ठेवायला. मग हळूहळू बाकीचंही माझ्याकडे आलं आणि मी सुपरवायझर झाले. सगळे ताई म्हणतात. मिलमध्ये धान भिजवून, वाफवून मग भरडतात. भिजवलेल्याचं जे पाणी उरतं ते जमिनीखालच्या एका हौदात जातं. खोली दीड पुरुष, रुंदीला एखादी बैलगाडी मावेल, आत मधोमध एक अर्धी भिंत, आणि वर फक्त एक चौकोनी तोंड, लोखंडी झाकणाचं. त्यात धानाचे कण, कोंडा, माती असं सगळं साचतं आणि कुजतं. झाकण उघडलं की आंबलेल्या पेजेचा वास येतो. वर्षातून एकदा, नवं धान यायच्या आधी, तो साफ करावा लागतो. म्हणजे दिवाळीच्या आधी.

मी लागले तेव्हा माणसं तशीच उतरत होती. गमछा तोंडाला बांधून. गमछ्याने वास कमी होतो, बाकी काही होत नाही. मी दोर मागितला, मग ब्लोअर मागितला, मग हौदाच्या तोंडावर उभी करायची लोखंडी तिपाई आणि हँडलवर फिरणारी चरखी मागितली. मालक म्हणाले, “ताई, हौद साफ कराचा हाय का हत्ती काढाचा हाय?” मी म्हटलं, हत्ती स्वतः चढून येऊ शकतो, बेशुद्ध माणूस नाही. तिपाई आली. छातीला आणि मांड्यांना अडकवायचा पट्टाही आला.

त्याच सुमारास नागपूरहून एक प्रशिक्षक आले. दोन दिवस शिकवलं. ‘बंदिस्त जागा’ हा शब्द मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकला. विहीर, हौद, धानाची कोठी, बॉयलर, सगळं त्यात येतं. कंदील सोडायचा नाही हे त्यांनी मला पटवून दिलं, कारण कुजलेल्या गाळाचा वायू कधी पेटतो आणि कधी ज्योत चांगली जळत असतानाही माणूस मरतो. त्याऐवजी तळहाताएवढं, वायू मोजणारं मीटर आलं. त्यांनी सगळ्यांना विचारलं, “आतला माणूस बेशुद्ध पडला, तर काय कराल?”

सगळे एका सुरात म्हणाले, “उतरू!”

मी म्हटलं, “ओढू.”

त्यांनी विचारलं, “आधी कुठे ट्रेनिंग झालं तुमचं?”

“घरी,” मी म्हटलं.

त्यानंतर आम्ही महिन्यातून एकदा सराव करायला लागलो. पोत्यात रेती भरून माणसाच्या वजनाचा पुतळा केला. त्याला जुना सदरा घातला. बायांनी त्याचं नाव जावई ठेवलं, कारण तो काही काम करत नाही आणि त्याला सगळ्यांनी मिळून उचलावं लागतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणी तरी ओरडायचं, “चला, जावई काढाचा हाय!” जावई हौदात सोडायचा, एकाने हँडल फिरवायचं, एकीने अँब्युलन्सला फोन लावल्याचं सोंग करायचं, एकीने मिलचं फाटक उघडून उभं राहायचं. पहिल्या वेळी जावयाची बाही फाटली आणि तो परत आत पडला. “मेला!” असं सगळ्या हसत ओरडल्या. मी त्यांना पुन्हा करायला लावलं. आणि पुन्हा. हसण्याला माझी हरकत नव्हती. हात चालले पाहिजेत.

इथवर सगळं ठीक होतं. मग चूक कुठे झाली? दोन जागी झाली.

पहिली मीटरची. प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर राहिलं पाहिजे, सगळा वेळ. पण पहिल्याच वर्षी ते गाळात पडून बिघडलं होतं. दुसरं आलं तेव्हा मी ते दोरीला बांधून हौदात सोडायची, वर, मधे, तळाला तपासायची, आणि माणूस उतरला की काढून, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या खिशात ठेवायची. महागाची वस्तू खराब होऊ नये म्हणून. कपाटातला चांगला कप पाहुण्यांसाठी ठेवावा तसं. गाळ ढवळला की त्यातून नवा वायू निघतो, सकाळची हवा दुपारी तीच राहत नाही, हे त्या लाखांदूरकडच्या विहिरीवर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही.

दुसरी चूक भांडणाची. आतल्या माणसाशी बोलत राहायचं हे मी ठेवलं होतं, पण भांडण काढून टाकलं. मिलमध्ये बाहेरची माणसं येतात, व्यापारी येतात. सुपरवायझर बाई हौदाच्या तोंडाशी उभी राहून पुरुषाशी तोंड वाजवते आहे, हे मला शोभणारं वाटलं नाही. आणि हौदात उतरणारा आमचा माणूस गायक होता. तिशीचा, बारीक अंगाचा. दिवाळीनंतर त्याच्या गावात मंडईच्या जत्रेला नाटक व्हायचं, त्यात तो गायचा. त्याचा मोठा भाऊही मिलमध्येच होता, चरखीच्या हँडलवर. मी गायकाला म्हटलं, “तू गात राहा. गाणं ऐकू आलं म्हणजे मला कळेल.” त्याला काय, आनंदच. हौदात आवाज असा घुमायचा की पटांगणावरच्या बाया दंताळं त्याच्या तालावर ओढायच्या. मलाही ते आवडायचं, हे कबूल करते. मिलमध्ये दिवसभर यंत्रांशिवाय काही ऐकू येत नाही.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, तो असाच उतरला. झाकण पहाटेपासून उघडं होतं, ब्लोअर चालू होता, मीटर तिन्ही ठिकाणी ठीक म्हणालं आणि माझ्या खिशात गेलं. त्याने पट्टा घातला. दोर तिपाईच्या चरखीला. भाऊ हँडलजवळ. तो बादल्या भरून द्यायचा, दुसऱ्या दोरीने आम्ही त्या ओढायचो. नवीन नाटकाचं नवीन गाणं होतं, तालीम व्हायची होती.

“शब्द पाठ झाले नाई ताई,” उतरताना तो म्हणाला.

“मग कर पाठ. इथे कोण ऐकतंय?”

“तुमीच त ऐकता. आन मंग चुका काढता.”

गाणं सुरू झालं. बादल्या येत राहिल्या. मधल्या भिंतीच्या पलीकडचा कोपरा राहिला होता. “तिकडं जातो,” तो ओरडला. ब्लोअरची हवा त्या कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हती, हे मला नंतर कळलं. पुढची बादली यायला उशीर लागला, पण गाणं चालू होतं. कोपऱ्यात गाळ घट्ट असेल असं मला वाटलं. तिसऱ्या कडव्याच्या आधी तो खोकला, “हं, पुन्हा,” म्हणाला, आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं. तालीम करतो आहे, मी मनात म्हटलं. मी पटांगणावरच्या एका बाईला धान पातळ पसरायला सांगत होते, तेवढ्यात पुन्हा तिसऱ्या कडव्याच्या आधी तो खोकला. “हं, पुन्हा.”

तोच खोकला. दोनदा आखूड, एकदा लांब. माणूस एकाच जागी दोनदा खोकू शकतो. पण अगदी तसाच नाही.

मी हौदात तोंड घातलं आणि हाक मारली. गाणं चालूच राहिलं. पुन्हा हाक मारली. गाणाऱ्याने गाणं थांबवून उत्तर दिलं नाही.

भाऊ म्हणाला, “गाऊन राहिला ना ताई. कायले ओरडता?”

“तो नाही गात. त्याचा मोबाईल गातो आहे.”

शब्द पाठ व्हावेत म्हणून त्याने स्वतःचंच गाणं, खोकल्यासकट, मोबाईलमध्ये भरून घेतलं होतं. ते पुन्हा पुन्हा वाजेल असं खिशात लावून त्यासोबत तो गात होता. मग कधी तरी त्याचा आवाज थांबला, आणि मोबाईलचा थांबला नाही. तो किती वेळ थांबला होता, ते मला माहीत नव्हतं. आजही नाही.

भाऊ हँडल सोडून धावला. चपला फेकल्या आणि हौदाच्या तोंडात दोन्ही पाय सोडले. मी त्याच्या समोर बसले, माझे पाय तोंडावर आडवे टाकले आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली.

“सोड मले!”

“हँडल धर.”

“सोड म्हातारे! भाऊ हाय माझा तो!”

“म्हणूनच. तू खाली पडलास तर हँडल कोण फिरवणार? माझ्या एकटीने तो वर येणार नाही. दोर एकच आहे.”

आईचंच वाक्य माझ्या तोंडातून आलं.

“तुमाले भाऊ असता त समजलं असतं!” तो रडत होता. त्याने माझा हात पिरगाळला, त्याची खूण मनगटावर दिवाळीभर राहिली. मला भाऊ आहे, पण तेव्हा ते सांगत बसायला वेळ नव्हता. मी त्याच्या कानाशी ओरडले, “जावई काढायचा आहे! हँडल!”

का कोण जाणे, पण तो शब्द त्याच्यापर्यंत पोचला. कदाचित महिन्याच्या महिन्याला त्याच्या हातांनी तो ऐकला होता म्हणून. तो उठला आणि हँडलला लटकला. मी दोर तिपाईच्या मधोमध राहील असा धरला. मागे एक बाई अँब्युलन्सशी बोलत होती, पत्ता सांगत होती, न चुकता. दुसरी फाटकाकडे पळाली होती. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. दोर ताणला, आत काही तरी गाळातून घसरत आलं, भिंतीला एकदा अडलं, सुटलं. आणि या सगळ्यात खालून गाणं चालू होतं. मोबाईल खिशातून निसटून कोपऱ्यात पडला होता. त्याचाच आवाज खाली राहिला आणि तो वर आला.

ताडपत्रीवर कुशीवर निजवला. तोंडातला गाळ बोटाने काढला. तो श्वास घेत होता, उथळ, पण घेत होता. चेहऱ्याचा रंग मला आवडला नाही. काही वेळाने पापण्या हलल्या. भाऊ त्याचं डोकं धरून म्हणत होता, “ऐकू येते का रे? मी हाय.” आणि तो म्हणाला, “हो.”

भाऊ माझ्याकडे वळला, “बोलला! ताई, बोलला!”

मी खाली वाकले. मला तो ‘हो’ नको होता. मी त्याच्या कानाशी म्हटलं, “तिसऱ्या कडव्यात तू बेसूर गातोस.”

“हो ताई,” तो म्हणाला.

“दरवर्षी बेसूर गातोस. गावातले लोक नाइलाजाने टाळ्या वाजवतात.”

“हो ताई.”

मला तेव्हा जेवढी भीती वाटली, तेवढी हौदाच्या तोंडाशीही वाटली नव्हती. भाऊ रागाने बघत होता, हिला आत्ता हे सुचतं का म्हणून. अँब्युलन्स आली, त्यांनी ऑक्सिजन लावला आणि दोघांना घेऊन गेले. मी मिलमध्ये थांबले, कारण खालचं गाणं ऐकून एक-दोघे हौदाकडे वळत होते. “मोबाईल नवा हाय ताई. एक मिनिटात आणतो.” मी झाकण लावलं आणि त्यावर बसले. संध्याकाळी कधी तरी बॅटरी संपली. मोबाईल आम्ही चार दिवसांनी काढला, हौद पुरा हवेशीर करून, आणि उतरणाऱ्याच्या छातीवर मीटर लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीने जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. भाऊ खिडकीला पाठ टेकून उभा होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या मनगटावरची खूण त्याला दिसली, आणि मग तर त्याने मुळीच पाहिलं नाही. गायक उशीला टेकून बसला होता, नाकात नळी. डॉक्टर म्हणाले होते, धोका टळला. डॉक्टरांना त्यांचं कळतं. मला माझं बघायचं होतं.

मी स्टूल ओढून बसले. तब्येत विचारली नाही.

“तिसऱ्या कडव्यात तू बेसूर गातोस,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पिशवीचा बंद धरून बसले होते.

“बेसूर?” तो म्हणाला. आवाज घोगरा होता. “ते मोबाईलवरचं होतं ताई. मोबाईलवर आवाज फाटते.”

“आवाज फाटतो म्हणून सूर चुकत नाही.”

“सूर तुमाले काय समजते? तुमी मिलच्या भोंग्याशिवाय काय ऐकलं हाय जल्मात?”

“भोंगा निदान वेळेवर वाजतो.”

“मंडपात येऊन ऐका, मंग बोला. मागच्या साली तीनदा वन्समोर भेटला मले, तीनदा!”

खिडकीकडून आवाज आला, “दोनदा.”

गायकाने मान वळवली. नळी ताणली गेली. “तीनदा! तू कुठं होता? तू त पडदा ओढाले होता आन तोही मधातच अडकवला!”

“दोरी तुटली होती त्याची!”

“दोरी नाई तुटली, तू झोपला होता!”

“मी झोपलो होतो? कोण झोपलं होतं काल दिवसभर?”

नर्स दारात आली आणि ओरडली, पेशंटला बोलू देऊ नका म्हणून. भाऊ गप्प झाला. मी तिला म्हटलं, “सिस्टर, थोडा वेळ चालू द्या.” ती काय समजली कोण जाणे, पण दार ओढून गेली. मी भावाला स्टूल दिलं. तो बसला आणि म्हणाला, “दोनदाच भेटला वन्समोर. मी मोजला हाय.”